उड्डाणाआधीचा कोरडा दिवस

उद्या दुपारी विमान.
म्हणून आज पाण्यात जायचं नाही.
रक्तात विरघळलेला नायट्रोजन
आपल्या सवडीनं बाहेर पडतो,
त्याला घाई केलेली खपत नाही.
आठ दिवसांत एकोणीस बुड्या.
आज वेटसूट दोरीवर उलटा टांगलाय,
बाह्यांमधून अजून ठिबकतोय.
कुंपणाच्या फटीतून एक गाढव आलं,
त्याला हुंगून गेलं.

बोनेरला बोट लागत नाही.
रस्त्याकडेला पिवळा धोंडा दिसला की थांबायचं,
धोंड्यावर जागेचं नाव, रंग उडालेलं.
गाडीच्या काचा खाली, दारं उघडी, आत काही नाही.
"चोराला काच फोडायचे कष्ट कशाला?"
सिलिंडर भरणारा रुडसेल पहिल्याच दिवशी म्हणाला होता.
मग पाठीवर तासाभराची हवा घेऊन
मेलेल्या पोवळ्यांच्या बोचऱ्या काठावरून
एकमेकांचा दंड धरत, लटपटत,
सत्तरीच्या बायका देवळाची पायरी उतरतात तसं
कमरेपर्यंत.
आणि मग एकदम वजनच नाही.

खाली सगळं शांत असतं हे खोटं आहे.
पोपटमासे पोवळं कुरतडतात,
कढईत लाह्या फुटाव्यात असा आवाज
चारी बाजूंनी.
बाराव्या बुडीत
मी नुसती गुडघ्यांवर बसून तेच ऐकलं,
हवेचा काटा पन्नासवर येईपर्यंत.

इथल्या भाषेत पाण्याला म्हणतात आवा.
माझ्या भाषेत आवा म्हणजे कुंभाराची भट्टी.
रुडसेलला सांगितलं, तर म्हणाला,
"मग बरोबर आहे, तुम्ही सगळे भाजूनच बाहेर येता."
तो स्वतः कधी बुडी मारत नाही.
"वर हवा फुकट आहे," म्हणतो.

आज कॉम्प्रेसर बंद करून
त्यानं मला दक्षिणेला नेलं.
मिठागरांचं पाणी गुलाबी, पलीकडे मिठाचे ढीग
इतके पांढरे की डोळे मिटून बघावे लागले.
आणि समुद्राकडे तोंड करून
रांगेत उभी ती घरटी.
घरं म्हणवत नाही.
दार माझ्या कमरेइतकं.
मीठ उपसणारी गुलाम माणसं इथे निजायची,
आत नीट उभं राहता येत नाही,
रांगतच जायचं, रांगतच निघायचं.
शनिवारी रिंकोनला आपल्या माणसांकडे,
सात तासांची पायवाट, म्हणतात,
आणि रविवारी तीच वाट परत.
"माझ्या पणजीची आई," रुडसेल म्हणाला,
आणि बोट दाखवलं, कुठल्याच घराकडे नाही,
नुसतं रस्त्याच्या दिशेनं.

समोर पिवळा धोंडा होता.
मला ओळखीचा वाटला.
मंगळवारी इथेच उतरले होते मी.
त्या तिसऱ्या घराच्या भिंतीला टेकून
सूट चढवला होता,
सावली बरी होती म्हणून.
छपरावर टॉवेल वाळत घातला होता,
हात सहज पुरला.

आमच्यात म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
हे त्याला समजावून सांगायला घेतलं
आणि अर्ध्यात अडकले,
कारण जागणं म्हणजे न झोपणंही.
कोण जागलं, कोणाच्या मिठाला,
वाकून आत शिरून, पाय दुमडून,
तळव्यांच्या भेगांत तेच मीठ घेऊन?
रुडसेल थांबला होता वाक्य पुरं होण्यासाठी.
मग त्यानंच पिकअप सुरू केली.

परतलो तेव्हा सूट वाळला होता.
दोरीवरून ओढला तर
शिवणींतून पांढरी भुकटी गळाली,
चमचाभर असेल, ओसरीवर.
एथलीनबाईंनी बोलता बोलता
ती झाडूनही टाकली.
"उद्या किती वाजता निघणार?
खोलीची किल्ली कुंडीखाली ठेवा."

रात्री दात घासताना ऐकू आलं,
खिडकीबाहेर काहीतरी खरखरीत, सावकाश.
दिवा न लावता बघितलं.
सकाळचं गाढव.
ज्यांच्या पाठीवरून मीठ बंदरात जायचं
त्यांच्यापैकीच कोणाचं तरी नातवंड.
दोरीवर परत टांगलेल्या माझ्या सूटची बाही
चाटत होतं.
दोन्ही झाल्यावर पाठीकडे वळलं.
मी त्याला हाकललं नाही.